‘लाइन गेली’ म्हणजे नेमके काय गेले?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : ‘लाइन’ या शब्दाचे मराठी करताना होणारे घोळ

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना अवघड शब्द फारसा त्रास देत नाहीत. ते आले की माणूस थांबतो, कोश उघडतो. घोळ घालतात ते ‘लाइन’सारखे शब्द. हा शब्द सगळ्यांनाच येतो, त्यामुळे कोणी थांबत नाही; ‘रेषा’ किंवा ‘ओळ’ लिहायचे आणि पुढे जायचे. आता भाषांतराचे यंत्र तेच काम क्षणात करते, आणि थांबणे यंत्राला ठाऊकच नाही. बातम्या, रुग्णालयातले फलक, उपकरणांची माहितीपत्रके, सरकारी सूचना, सगळीकडे हा शब्द येतो आणि ठिकाण बदलले की अर्थ बदलतो. काही चुका हसून सोडता येतात, काही जिवावर बेततील. जिवावरच्या आधी.

नागपुरात वीज गेली की ‘लाइन गेली’ म्हणतात. इथे लाइन म्हणजे पुरवठा. वायरमनच्या तोंडी मात्र लाइन म्हणजे फेजची, विजेचा दाब असलेली तार. प्लगच्या आत किंवा स्विचच्या मागे जे ‘एल’ अक्षर असते ते हिचे. ‘एन’ न्यूट्रलचे, ‘ई’ अर्थिंगचे. तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून पाहिले तर वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे लाइनचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे. माहितीपत्रकात ‘स्विच लाइनवर बसवा’ असे असते त्याचे ‘स्विच ओळीत बसवा’ झाले, तर वाचणारा सगळे स्विच एका रांगेत नीट बसवेल आणि तार मात्र न्यूट्रलची तोडेल. दिवा तरीही लागतो, तरीही विझतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्ट उभे असतात आणि बल्ब बदलायला चढलेल्याला ते कळायचा मार्ग एकच उरतो.

थ्री फेजमध्ये, म्हणजे तीन लाइनींच्या पुरवठ्यात, आणखी एक पेच आहे. एका लाइनपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट, पण दोन लाइनींच्या मधे सुमारे ४०० व्होल्ट. हे प्रमाण तीनच्या वर्गमुळाचे, म्हणजे १.७३२ पट. पुस्तकात पहिल्याला फेज व्होल्टेज आणि दुसऱ्याला लाइन व्होल्टेज म्हणतात. शेतातल्या मोटारपंपाच्या पाटीवर जो ४०० किंवा ४१५चा आकडा असतो तो लाइन व्होल्टेजचा. त्याला ‘रेषीय दाब’ म्हटले तर वायरमनला कळत नाही, वीजतंत्रीला कळत नाही, आणि अभियंत्याला ते मनातल्या मनात परत इंग्रजीत न्यावे लागते. अशा जागी ‘लाइन’ला हात लावू नये. कारागिराने स्वीकारलेला शब्द मराठीच समजावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र त्याच वीजक्षेत्रात एक जागा अशी आहे की जिथे ‘लाइन’ तशीच ठेवणे घातक ठरते. वादळानंतर इंग्रजी सूचना येते, तिचा आशय ‘डाउन झालेल्या लाइनींपासून दूर राहा’ असा. फोनची, इंटरनेटची लाइन डाउन म्हणजे बंद. त्या सवयीने ‘बंद लाइनपासून दूर राहा’ असे मराठी होते, आणि बंद लाइनला कशाला घाबरायचे असे वाचणाऱ्याला वाटते. मुळात सांगायचे असते की तार खाली पडली आहे, तिच्यात वीज असू शकते. इथे ‘तार’ हाच शब्द हवा: ‘तुटून पडलेल्या किंवा लोंबणाऱ्या तारेजवळ जाऊ नका.’ अंधार झाला म्हणून तार मेली असे होत नाही. उपकेंद्रातून पुरवठा पुन्हा सुरू करून पाहिला जातो. शिवाय शेजारच्या घरातला चुकीचा जोडलेला जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलट्या दिशेने वीज तारेत ढकलू शकतो. म्हणूनच जाणता लाइनमन ‘लाइन बंद आहे’ या निरोपावर खांबावर चढत नाही. तो परमिट घेतो, दाब नाही ना हे तपासतो, काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगच्या कांड्या लावतो आणि मग हात घालतो. ‘बंद’ (पुरवठा थांबवलेली), ‘मृत’ (दाब नाही हे तपासलेली) आणि ‘तुटलेली’ या तीन वेगळ्या अवस्था आहेत. बातमीत ‘लाइन गेली होती’ एवढेच लिहिले तर यातली कोणती अवस्था होती ते कळत नाही, आणि अपघाताच्या बातमीत तेवढेच कळायला हवे असते.

मग मराठी शब्द निवडायचा कसा? कोशात लाइनपुढे पंचवीसेक शब्द दिलेले असतात, त्याने गोंधळ वाढतोच. आम्ही एक साधी कसोटी वापरतो: नाम सोडून द्यायचे, क्रियापद पाहायचे. जी काढतात किंवा आखतात ती रेषा. जी वाचतात, लिहितात ती ओळ. जिच्यात उभे राहून वाट पाहतात ती रांग. जिच्यातून काही वाहते ती वाहिनी: जलवाहिनी, वीजवाहिनी, रक्तवाहिनी. जिच्यावरून गाडी धावते तो मार्ग. जी ताणतात, बांधतात, जिच्यावर कपडे वाळत घालतात ती दोरी. जी लढताना धरून ठेवतात किंवा फोडतात ती फळी: बचावफळी, आघाडीची फळी, दुसऱ्या फळीतले पुढारी. जी ओलांडल्यावर माणसे रागावतात ती मर्यादा. आणि ‘तुम्ही कोणत्या लाइनीत?’ यातली लाइन म्हणजे धंदा. कसोटी दहातल्या आठ वेळा चालते. उरलेल्या दोन वेळा त्या धंद्यातल्या माणसाला फोन करावा लागतो. त्याला पर्याय सापडलेला नाही.

एका शब्दाला इतकी पोरे झाली कशी, याचे उत्तर विदर्भातल्या माणसाला लांब शोधायला नको. ते शेतात आहे. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला ‘लिनुम’ म्हणत. त्याच्या सालीपासून निघणारा धागा तो ‘लिनेआ’, कापड ते लिनन, आणि बी ते लिनसीड, म्हणजे आपण ज्याची चटणी करतो ते जवस. लाइन मुळात जवसाचा धागा आहे. धागा ताणला की दोरी झाली; दोरीने आखले की रेषा झाली; दोरीला धरून माणसे, घरे, अक्षरे मांडली की ओळ झाली; दोरीच्या अलीकडे-पलीकडे असा भेद झाला की सीमा झाली. वर दिलेले बहुतेक अर्थ या चार पायऱ्यांवर कुठेतरी बसतात.

मराठीने हाच प्रवास स्वतंत्रपणे केला आहे. आपले सूत म्हणजे धागा. सुतार लाकडावर सुताने आखतो. बांधकामात सरळ आले की ‘सुतात आहे’ म्हणतात, आणि वठणीवर आलेला माणूस सुतासारखा सरळ होतो. इंग्रजीत कोणाला ‘लाइनीवर आणतात’, आपण ‘सुतासारखा सरळ’ करतो, दोन्हीकडे धागाच. इतकेच काय, जुन्या इंग्रजी मापात लाइन म्हणजे इंचाचा बारावा भाग होता. आपल्या सुताराचे आणि गवंड्याचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आठ सुतांचा एक इंच. जुन्या तांत्रिक मजकुरात ‘तीन लाइन जाडीचा पत्रा’ आला तर तो पाव इंच असतो. तिथे ‘तीन सूत’ लिहिले तर पत्रा एक अष्टमांश इंचाने जाड होतो. शब्द सख्खे वाटले तरी माप चुलत आहे.

गवंड्याच्या हातात लाइन अजून मूळ रूपातच, म्हणजे दोरी म्हणून आहे. पायाची आखणी करतात तिला साइटवर ‘लाइनआउट’ म्हणतात. खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या, काटकोन ३-४-५ ने तपासायचा (एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, तिरपे माप बरोबर पाच फूट) आणि मग चुन्याची फक्की टाकायची. विटांचा थर रचताना दोन टोकांच्या विटांना लाइनदोरी बांधतात. दोरीला वीट टेकता कामा नये, केसभर अंतर हवे. एक वीट टेकली की ती दोरीला बाहेर ढकलते, पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीला धरून बसते आणि भिंतीला पोट येते. लांब भिंतीत दोरी मधे सैल पडून लोंबते, म्हणून मधे एक वीट आधाराला ठेवावी लागते. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तिकेतल्या ‘लाइन’चे ‘रेषा’ केले, तर यातली एकही सूचना कळणार नाही. रेषा लोंबत नाही.

धाग्यावरून गेलेली एक फांदी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कपड्याला आतून लिननचा थर लावत, त्यावरून इंग्रजीत ‘लाइन करणे’ म्हणजे अस्तर लावणे. ‘कॅनॉल लाइनिंग’ला जलसंपदा खात्याने ‘अस्तरीकरण’ असा नेमका शब्द दिला आहे आणि गोसीखुर्दच्या कालव्यांच्या बातम्यांमुळे तो विदर्भात रुळलाही आहे. काळ्या मातीत हे अस्तर तडकते, कारण माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि काँक्रीटला खालून ढकलते. त्यासाठी अस्तराखाली न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून घालावा लागतो. त्या थराला वगळून केलेले अस्तरीकरण म्हणजे ओल्या भिंतीवर लावलेला रंग. स्कूटरच्या ब्रेकचा ‘लायनर’ याच कुळातला: ड्रमच्या आतला घासून झिजणारा थर. ‘नदीची लाइनिंग’ म्हणजे नदीची रेषा ठरवणे असे कोणी लिहिले तर ठेकेदार सोडून कोणाचाच फायदा नाही.

आता नागपूर शहर. ‘सिव्हिल लाइन्स’ आणि टाकळीची ‘पोलीस लाइन’ ही नावे छावणीच्या भाषेतून आली. लष्करी छावणीत तंबू आणि बराकी रांगेने उभारत. त्या रांगा म्हणजे ‘लाइन्स’. मुलकी अधिकाऱ्यांची वसाहत ती सिव्हिल लाइन्स. पण रांगेने वसलेल्या वस्तीला असे नाव देणे इथे नवे नव्हते. इतवारीत सराफा ओळ आहे, किराणा ओळ आहे. ओळ आणि लाइन यांनी दोन बाजूंनी येऊन शहराला एकाच पद्धतीने नावे दिली, हे पाहून गंमत वाटते. अर्थात म्हणून सिव्हिल लाइन्सचे ‘मुलकी ओळ’ करायला कोणी निघू नये. विशेषनाम भाषांतरात हलवायचे नसते.

पोलीस लाइनमधून आणखी एक शब्दप्रयोग हिंदीत गेला: ‘लाइन हाजिर’. नागपुरात हिंदी बातम्या मराठीत येण्याचे प्रमाण बरेच, म्हणून याचा उल्लेख करायला हवा. अमुक निरीक्षकाला लाइन हाजिर केले म्हणजे रांगेत उभे केले असे नाही. ठाण्याचे काम काढून घेऊन पोलीस लाइनीत, मुख्यालयात बसवले. मराठीत ‘मुख्यालयात हलवले’ किंवा सरळ ‘ठाण्यातून काढले’ म्हणावे. ही बडतर्फी नव्हे आणि निलंबनही नव्हे. तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत.

रेल्वेचे पाहा. नागपूर स्थानकाजवळ हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग एकमेकांना छेदतात, तिथल्या डायमंड क्रॉसिंगचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. ‘हावडा लाइन’ म्हणताना लाइन म्हणजे मार्ग. ‘तिसरी लाइन’ म्हणताना लाइन म्हणजे रुळांची एक जोडी, म्हणजे वर्ध्याकडे तिसरी-चौथी लाइन टाकली म्हणून नवी गावे जोडली जात नाहीत, त्याच मार्गावर जास्त गाड्या मावतात. ‘लूप लाइन’ वर्तुळाकार नसते. मुख्य लाइनीतून फुटून, फलाटाजवळून जाऊन, पुढे परत मुख्य लाइनीला मिळणारी ती बगल. मागच्या गाडीला पुढे जाऊ देण्यासाठी एखादी गाडी तिथे घेतात. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनीत शिरून उभ्या मालगाडीवर आदळली. त्या बातम्या समजायला हा अर्थ माहीत असणे गरजेचे होते. ‘लाइन क्लिअर’ म्हणजे समोर रूळ मोकळे दिसतात असे नाही. पुढच्या स्थानकाने ‘मधला टप्पा रिकामा आहे, तुमची गाडी घेतो’ अशी रीतसर परवानगी दिली आहे, असे.

मेट्रोने नवा पेच आणला. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ऑरेंज लाइन, लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ॲक्वा लाइन, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. मराठीत यांना ‘मार्गिका’ लिहितात. शब्द चांगला आहे, पण रस्त्यावरच्या ‘लेन’लाही मार्गिकाच म्हणतात, आणि आता रेल्वेची तिसरी लाइनही मार्गिका झाली. ‘वर्धा रोडवर मार्गिकेचे काम’ या मथळ्यातून रस्ता रुंद होतोय की मेट्रो वाढतेय, हे कळत नाही. सुचवायचे एवढेच की रस्त्याला ‘लेन’ राहू द्यावे आणि मेट्रोला मार्गिका द्यावी. किंवा उलट करावे. पण एकदा ठरवावे.

‘रेषा’ शब्दाची बदनामी करायची नाही. जिथे नकाशावर खरोखर काहीतरी आखलेले असते तिथे तिच्यासारखा शब्द नाही. दारिद्र्यरेषा, समोच्च रेषा, समदाब रेषा हे शब्द कुठेही अडत नाहीत. पूररेषा हाही तसाच. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हापासून निळ्या आणि लाल रेषेची चर्चा नागपूरकरांना नवी नाही. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मधे नियंत्रित क्षेत्र. इथे चूक ‘लाइन’ची होत नाही, ‘एकदा’ची होते. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे आज पूर आला की पुढची २५ वर्षे निश्चिंती, असे नाही. दर वर्षी चार टक्के शक्यता, आणि ती पूर येऊन गेल्यावरही पुढच्या वर्षी पुन्हा चारच टक्के.

एक ठिकाण असे आहे की जिथे दोन इंग्रजी लाइनींना मराठीत एकच नाव पडले आहे. १९७२च्या सिमला करारानंतर काश्मीरमधल्या युद्धबंदी रेषेच्या जागी जी आली ती नियंत्रण रेषा. महामार्गाच्या कडेला बांधकाम रोखणारी तीही नियंत्रण रेषा. मोकळ्या प्रदेशातल्या राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून साधारणतः ४० मीटरवर इमारत रेषा असते, तिच्या आत बांधकाम नाही. ७५ मीटरवर नियंत्रण रेषा असते, तिथपर्यंत बांधायचे तर परवानगी आणि अटी. शहरी भागात ही अंतरे बदलतात. प्लॉट घेणाऱ्याने विक्रेत्याला हे दोन आकडे वेगवेगळे विचारावेत. ‘रेषेच्या बाहेर आहे हो’ हे उत्तर पुरेसे नाही, कोणत्या रेषेच्या ते हवे.

वैद्यकात ‘फर्स्ट लाइन’ औषधाचे ‘प्रथमोपचार’ करण्याची चूक सर्रास होऊ शकते. प्रथमोपचार म्हणजे डॉक्टर येईपर्यंत करायचे ते. फर्स्ट लाइन म्हणजे आजार निश्चित झाल्यावर सर्वांत आधी निवडायची औषधे. क्षयरोगात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. जंतू त्यांना दाद देईनासे झाले की दुसरी निवड. इथली लाइन सैन्याची आहे, म्हणून ‘पहिल्या फळीची औषधे’, ‘दुसऱ्या फळीची औषधे’. वॉर्डात ‘लाइन घेतली’ म्हणतात ती शिरेत बसवलेली नळी. सलाइनमधली लाइन मात्र या घराण्यातली नाहीच. तो शब्द मिठावरून आला आहे, लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ घातलेले पाणी. घराण्यावरून आठवले: वंशाच्या ‘लाइन’ला आपल्याकडे तयार शब्द आहे, वंशावळ. तिच्यातली ‘आवळ’ म्हणजे संस्कृत ‘आवली’, ओळ. दीपावलीत, नामावलीत, प्रश्नावलीत आहे तीच. जातपडताळणीच्या फायलीत वंशावळ जोडणारा माणूस नकळत पूर्वजांची ओळच जोडत असतो.

आता थोडे आपल्या वृत्तपत्राच्या घरातले. हेडलाइनला मथळा आहे, डेडलाइनला मुदत आहे. डेडलाइन हा मूळचा तुरुंगातला शब्द: अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत आखलेली एक हद्द, ती ओलांडणाऱ्याला गोळी. संपादकीय कक्षात तिची धार तेवढी नाही, असे समजतो. ‘डेटलाइन’ दोन आहेत. बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख असते ती एक. दुसरी १८० अंश रेखावृत्ताच्या आसपासची, जिला भूगोलाच्या पुस्तकाने ‘आंतरराष्ट्रीय वाररेषा’ म्हटले. ती ओलांडली की वार बदलतो. शब्द बनवणाऱ्याने शब्दाकडे न पाहता गोष्टीकडे पाहिले. खिळे जुळवण्याच्या काळानंतर आलेले लायनोटाइप यंत्र (१८८६) हेही लाइनीचेच: एकेक अक्षराऐवजी अख्खी ओळ शिशात ओतणारे. त्यात एक अक्षर चुकले तरी पूर्ण ओळ पुन्हा ओतावी लागे, आणि जुनी चूक सुधारताना त्याच ओळीत नवी शिरे. जुन्या अंकांत एकच ओळ दोनदा छापलेली दिसते, ती बहुधा अशी आलेली असते: नवी ओळ घातली, जुनी काढायची राहिली.

वाक्प्रचारांत तर शब्दाला शब्द लावण्याचा प्रश्नच येऊ नये. ‘पार्टी लाइन’ पाळणे म्हणजे पक्षाची री ओढणे. ‘बॉटम लाइन’ ही नफातोटा पत्रकातली शेवटची ओळ, म्हणून हिशेबाच्या बातमीत निव्वळ नफा, गप्पांत ‘सरतेशेवटी काय ते सांगा’. प्रकल्प ‘पाइपलाइनमध्ये’ असला तर तो विचाराधीन असतो, जलवाहिनीत अडकलेला नसतो. ‘लाइन ऑफ क्रेडिट’ म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलायचे कर्ज. ‘श्रेयाची ओळ’ नव्हे, ती वेगळ्याच पानावर छापतात. क्रिकेटच्या ‘लाइन आणि लेंथ’ला ‘दिशा आणि टप्पा’ हे मराठी समालोचनाने दिलेले शब्द असताना जामठ्याच्या सामन्याच्या बातमीत ‘रेषा आणि लांबी’ दिसू नये. इंग्रज एक ‘लाइन’ टाकून खुशाली कळवतो, आपण चार ओळी लिहितो. एकीच्या चार करणे इथे बरोबर भाषांतर आहे. ‘लाइन मारणे’ आणि ‘लाइन देणे’ हे आपले घरचे उत्पादन असून इंग्रजीत त्याला शब्द शोधणे हे त्या बाजूच्या भाषांतरकाराचे काम.

राहता राहिले लेखन. ‘लाइन’ की ‘लाईन’? दोन्ही बाजूंना आधार आहे. इंग्रजी उच्चारात ‘इ’ आखूड, म्हणून काही जण ऱ्हस्व लिहितात. शेवटच्या अक्षरात ‘अ’ असलेल्या मराठी शब्दात त्याआधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो (गरीब, वकील), म्हणून काही जण दीर्घ. पण दीर्घ लिहिणाऱ्यांनी पुढचा नियमही पाळावा: गरीबचे गरिबाला होते, तसे लाईनचे लाइनीत, लाइनीवर व्हायला हवे, ‘लाईनीत’ हे दोन्ही पक्षांना अमान्य. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन लाइनी. ‘लाइन्स’ फक्त सिव्हिल लाइन्सपुरते ठेवावे, आणि तिथेही बोलताना सगळे ‘सिव्हिल लाइनला जातो’ असेच म्हणतात. या पत्रात आम्ही ऱ्हस्व लिहिले आहे. आपल्या दैनिकाच्या धोरणाप्रमाणे दीर्घ करून छापले तरी तक्रार नाही. पण मग ‘ऑनलाइन’ही ‘ऑनलाईन’ करावे लागेल, आणि एकाच पानावर दोन्ही दिसू नयेत एवढे मुद्रितशोधकांनी पाहावे.

कळावे,
आपले,
इंग्रजी-मराठी भाषांतर आणि मुद्रितशोधनाचे काम करणारे काही वाचक,
नागपूर